मदत हवी आहे: केट डिकीची नाटकं

मंडळी, आमच्या फिल्म क्लबात स्कॉटिश अभिनेत्री केट डिकीवर बोलायचंय. बहुतेकांना ती 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतली तऱ्हेवाईक लायसा ॲरिन म्हणूनच ठाऊक. माझा भर मात्र 'रेड रोड' (२००६) या चित्रपटावर असेल. ग्लासगोत सीसीटीव्हीच्या पडद्यांसमोर बसून शहरावर नजर ठेवणारी जॅकी. एक माणूस पडद्यावर दिसतो आणि तिचा चेहरा आवळत जातो, बोलत काहीच नाही. कारण आपल्याला कळतं ते पार शेवटाकडे! दिग्दर्शिका अँड्रिया अर्नोल्डच्या या पहिल्याच मोठ्या चित्रपटाला कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं, केटला ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म अवॉर्ड.

गाडी अडलीय ती नाटकांपाशी. २००७ साली नॅशनल थिएटर ऑफ स्कॉटलंडच्या 'आल्स्ट'मध्ये तिने पोटच्या मुलांना मारणारी आई उभी केली होती. खुर्चीत बसून, समोर माइक, आणि प्रश्न विचारणारा फक्त एक आवाज. (बेल्जियममधल्या खऱ्या घटनेवरचं नाटक, वाचूनच पोटात गोळा येतो.) तिकडे राहणाऱ्या कुणी ते प्रत्यक्ष पाहिलंय का? चित्रीकरण कुठे बघायला मिळेल? आणि हो, 'रेड रोड'ची सबटायटल्सवाली प्रत कुठे मिळते? ग्लासगोचे उच्चार आमच्या मंडळींच्या डोक्यावरून जातील.