मदत हवी आहे: आधी वॉटर हीटर बदलू की गॅसची शेगडी? (बे एरिया, कॅलिफोर्निया)

मंडळी, बे एरियात स्वतःचं घर असलेल्यांचा सल्ला हवाय. आम्ही फ्रीमाँटला, घर जुनं, गॅरेजमधल्या गॅसच्या वॉटर हीटरला तळाशी गंज चढलाय आणि खालच्या ट्रेमध्ये पाणी साचतंय, म्हणजे तो आज ना उद्या जाणारच.

इथल्या एअर डिस्ट्रिक्टने (हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) मार्च २०२३ मध्ये नियम केला, त्यात ठरलेल्या तारखा अशा की १ जानेवारी २०२७ पासून घरगुती साइजचे नवे वॉटर हीटर गॅस जळताना निघणारे नायट्रोजन ऑक्साइड अजिबात न सोडणारेच विकायचे आणि बसवायचे, फर्नेसना (घर गरम करणाऱ्या यंत्रांना) तेच २०२९ पासून. चालू असलेला काढून टाका असं त्यात कुठेही नाहीये, हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "गॅस बंद होणार" असं फिरतंय आणि लोक उगाच घाबरलेत. मला तर नियम पटतो, नऊ काउंट्यांमधल्या लाखो घरांचा हा धूर बाहेर जाऊन त्याचाच ओझोन आणि पीएम २.५ (फुफ्फुसात जाणारे अतिसूक्ष्म कण) होतो.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. वॉटर हीटरचा धूर निदान व्हेंटमधून छपराबाहेर जातो, शेगडीचा घरातच राहतो आणि शेगडी या नियमात नाहीच! मुलाला दमा आहे हो. शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह आहे, त्याचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, खालून ओढतो आणि वरच्या फटीतून परत सोडतो, पोळ्या लाटताना तो गरम झोत थेट कपाळावर येतो. जाळीत तेल अडकतं, नायट्रोजन डायऑक्साइड कसा अडकणार, तो ज्योतीतूनच तयार होतो, फोडणी करा नाहीतर नुसतं पाणी उकळा.

पैसे सध्या एकाच कामाचे आहेत, घराचं विजेचं पॅनल १०० अँपचं म्हणजे छोटं, आणि वॉटर हीटर बदलण्यावरचं फेडरल टॅक्स क्रेडिट (केंद्र सरकारची करसवलत) २०२५ च्या डिसेंबरअखेर संपलं.

१२० व्होल्टचा, साध्या प्लगवर चालणारा हीट पंप वॉटर हीटर (हवेतली उष्णता ओढून विजेवर पाणी तापवणारा) कोणी घेतलाय का? तो पाणी सावकाश तापवतो म्हणतात, सासू-सासरे नाशिकहून आले की सकाळी पाच जणांच्या आंघोळी लागोपाठ असतात, पुरेल का? आणि आवाज किती, गॅरेजच्या भिंतीपलीकडेच मुलाची खोली आहे.

इंडक्शनवाल्यांनो, फुलके कसे करता? सासूबाईंना ज्योतीशिवाय भाकरी म्हणजे पटणारच नाही, पण नातवासाठी त्या ऐकतील असं वाटतं. तोवर एकच पोर्टेबल इंडक्शन घेऊन चहा, वरण, भाजी त्यावर आणि फक्त पोळ्या गॅसवर असं कोणी केलंय का, मुलाच्या खोकल्यात फरक पडला का? भिंतीतून डक्ट काढून खरा एक्झॉस्ट बसवायला खर्च किती आला तेही सांगा.

फ्रीमाँट, युनियन सिटी, नूअर्क भागात कोणाकडे हीट पंप चालू असेल तर शनिवारी-रविवारी येऊन बघितला तर चालेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.