चार ओळींत हात दुखतो? ढकलगाडी खेळा

ताई, पहिलीतला मुलगा चार ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या लेकीचं अगदी हेच होतं. लिखाण वाढवण्याआधी जमिनीवरचे खेळ वाढवून बघा. बोटं नीट चालायला मागे खांदा आणि पाठ भक्कम लागते.

आमच्याकडे साताऱ्यात रोज जेवणाआधी सतरंजीवर ढकलगाडी असते. लेक तळहातांवर चालते, मी मागून तिचे पाय धरते. सुरुवातीला घोटे नका धरू, मांड्या धरा. नाहीतर कंबर झोल खाते आणि ताण पाठीवर येतो. पंजा पूर्ण उघडा, बोटं पसरलेली हवीत. पहिल्या दिवशी चौथ्या पावलालाच बसली बिचारी. आता उंबऱ्यापर्यंत जाते आणि तिथले चिंचोके एकेक उचलून वाटीत टाकते. एक हात उचलला की सगळा भार दुसऱ्या खांद्यावर, खरी मेहनत तिथेच होते!

बेडूकउड्या आणि खेकड्याची चालही (हात मागे टेकून, पोट वर ठेवून चालणं) घ्या. बेडूकउड्या मारताना तिला मी कराडजवळच्या गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांची, त्यांच्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकाची गोष्ट सांगते, मग दोन उड्या जास्तच होतात. पाच-सात मिनिटं पुरे. मनगट दुखतंय म्हणाला तर मात्र लगेच थांबा.