अंगणातला भराव: तुम्ही माती कुठून आणलीत?

शेजारच्या प्लॉटवर आज पायाचं खोदकाम सुरू झालं आणि ओल्या मातीच्या वासानं आमचं जुनं अंगण आठवलं. घर झालं तेव्हा मागची बाजू हातभर खोल होती, पावसाचं पाणी थेट भिंतीशी यायचं. भराव विकत घ्यायला पैसेच उरले नव्हते. बाबा महिनाभर सायकलवर हिंडले. खोदकाम दिसलं की थांबायचे, विचारायचे. शेवटी एका पायाची माती मिळाली, फक्त ट्रॅक्टरचं भाडं द्यावं लागलं. शेवटची ट्रॉली रिकामी झाल्यावर बाबा ढिगावर हात ठेवून म्हणाले, "आता येऊ दे पाऊस." बाबा आता नाहीत. तुमचेही अनुभव लिहा ना.

रातराणी
वाचून गलबललं गं. आमचीही पायाचीच माती. वरची काळी माती वेगळी टाका हे सांगायचं राहून गेलं, ती खाली गाडली गेली आणि वर नुसता मुरूम. दोन वर्षं गवतसुद्धा धड उगवलं नाही.

ओळंबा
आधी मोजा. लांबी, रुंदी, खोली फुटांत घेऊन गुणा, 100 ने भागा, ब्रास निघतात (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). आमचं 20 बाय 15, एक फूट भराव, म्हणजे 3 ब्रास. तेवढीच मागवली आणि धुमस केल्यावर, म्हणजे ठोकून दाबल्यावर, कमी पडली. सुटी माती बसते, पाव हिस्सा जास्त धरायचा. उरलेल्या थोडक्या मातीसाठी पूर्ण खेपेचं भाडं भरलं, अजून सलतंय.

पायवाट
फुकट मिळाली म्हणून घेतली. निम्मा राडारोडा! विटांचे तुकडे, खिळे, काचा. लेकीच्या पायात काच गेली तेव्हा सगळं उकरून चाळलं. आता ढीग डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी भरू देत नाही.

अबोली२
आमच्याकडे मातीबरोबर लव्हाळा आला 😢 वरून उपटला की खालच्या गाठीतून पुन्हा हजर.

रातराणी
@अबोली२ काय केलंत मग? आमच्या कुंड्यांतही आहे.

अबोली२
गाठीसकट खणून काढते, रोज थोडं थोडं. तीन वर्षं झाली. बाळ उठलं, नंतर लिहिते.

जुना पार
झाडाच्या बुंध्याशी भराव घालू नका, हात जोडून सांगतो. आमच्या पारिजातकाभोवती दीड फूट माती चढवली, अंगण सपाट दिसावं म्हणून. मुळांना हवा मिळेना, दोन वर्षांत वाळला. आईनं लावलेला होता. दुसऱ्या झाडाला मग दगड रचून रुंद आळं केलं, आतली जमीन जुन्याच पातळीला ठेवली. ते जगलं.

ओळंबा
@जुना पार वाईट वाटलं हो.

चिखलपाय
काळी माती स्वस्तात मिळाली, तीच फरशीखाली भरली. पावसात फुगली, उन्हात भेगाळली, फरशा उचलल्या गेल्या. फरशीखाली मुरूमच हवा. आता बाटलीत माती नि पाणी घालून हलवते आणि ठेवून देते. रेती मिनिटभरात तळाशी बसते, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. बघूनच ठरवते कुठली कुठे.

उंबरठा
आम्ही बाहेरून घमेलंभरही आणली नाही. पुढचा उंचवटा छाटला आणि मागचा खळगा भरला. भाड्याचा प्रश्नच आला नाही. मात्र गाडी आत घेणाऱ्यांनो, शोषखड्डा कुठे आहे ते आधी दाखवा, आमच्या भावाकडे झाकण फुटून चाक आत गेलं.

अबोली२
आले परत. थर किती जाडीचे घालायचे?

ओळंबा
सहा इंचांचा थर, थोडं पाणी, धुमस, मग पुढचा. एकदम ओतली की पुढच्या पावसात खचते. उतार घरापासून बाहेर, 10 फुटांत निदान 6 इंच. आणि माती जोत्याच्या खालीच राहू दे, नाहीतर भिंतीत ओल चढते.

उंबरठा
ताडपत्री पण. आमचा अर्धा ढीग एका रात्रीत गटारात.

जुना पार
धागाकर्ती, बाबांची सायकल आहे का अजून?

धागाकर्ती
आहे. मागच्या भिंतीलाच टेकवलेली असते, त्याच भरावावर. शेजारी माती नेणार का म्हणून विचारायला आले होते, दोन खेपा ठेवून घेतल्यात.