उत्सवातलं नाटक रेकॉर्ड करायचंय, स्वस्तातला एचडी कॅमकॉर्डर सुचवा

कुळागर
आमच्या गावी (फोंडा तालुका) देवळाच्या उत्सवात दरवर्षी संगीत नाटक असतं. रात्री अकराला पडदा उघडतो, संपेपर्यंत पहाटेचे तीन. यंदा बाबा शेवटचं काम करतायत, गुडघे साथ देत नाहीत म्हणून. गेल्या वर्षी फोटोच्या कॅमेऱ्यावर रेकॉर्डिंग लावलं होतं. दर अर्ध्या तासाने तो आपोआप थांबायचा, आणि बाबांचं दुसऱ्या अंकातलं पद नेमकं त्यात गेलं. ते अजून मनाला लागून आहे. बजेट २५ हजार. चुलतभाऊ अमेरिकेच्या क्रूझवर आहे, त्याला आणायला सांगू का? आणि एवढ्या मोठ्या फाइली सांभाळायच्या कशा?

पडद्यामागे
तुमचा कॅमेरा बिघडलेला नाही. अर्धा तास सलग चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याची जादा जकात बसायची, म्हणून बऱ्याच जुन्या फोटो कॅमेऱ्यांना २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा घातलेली असते. कॅमकॉर्डर कार्ड आणि बॅटरी संपेपर्यंत चालतो.

झूमचे आकडे बघून भुलू नका, आधी माइकचं भोक आहे का ते बघा. सोनी सीएक्स४०५ चा ३० पट झूम छान आहे, पण त्याला बाहेरचा माइक जोडता येत नाही. मंडपात तुमच्या आणि रंगमंचाच्या मध्ये पंखे, रडणारी पोरं आणि बाहेरच्या फेरीतला गलका असतो. पेटीचा सूर त्यात बुडतो. कॅनन लेग्रिया एचएफ आर८०६ ला माइक आणि हेडफोन दोन्हीची सोय आहे. वापरलेला चांगल्या स्थितीत मिळाला तर डोळे झाकून घ्या. साउंडवाल्याच्या मिक्सरची वायर मात्र थेट माइकच्या भोकात घालू नका, आवाज फाटतो. त्यापेक्षा छोटा ऑडिओ रेकॉर्डर मिक्सरला लावा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, नंतर त्या टाळीवर दोन्ही जुळवता येतं.

पेडण्याचो
अमेरिकेतून नको, दादा. मी तेच केलं आणि पस्तावलो. तिथली यंत्रं सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने चालतात, आपली वीज ५० हर्ट्‌झची. दशावतारी काल्याचं आख्खं रेकॉर्डिंग ट्यूबलाइटखाली लपलप करत होतं. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद करून बरंचसं सावरतं, पण मुळात इथलाच घ्यावा.

दुसरं, एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) ऑटोवर ठेवू नका. मागचा पडदा काळा असला की कॅमेरा उजेड वाढवत जातो आणि रंगवलेला चेहरा पांढराफटक होतो. डोळ्यांतलं काजळसुद्धा दिसत नाही. पात्र उजेडात आलं की चेहरा बघून एक्स्पोजर ठरवा आणि तिथेच अडकवून ठेवा.

साखळीची_ताई
फाइलींचं सांगते. एव्हीसीएचडी या कॅमकॉर्डरच्या फाइल-प्रकारात १७ एमबीपीएसवर (सेकंदाला १७ मेगाबिट) तासाला साधारण साडेसात जीबी लागतात, म्हणजे चार तासांना ३२ जीबीचं कार्ड अगदी काठोकाठ. ६४ चं घ्या. कॅमेरा लांब चित्रणाचे तुकडे पाडतो, त्याने घाबरू नका. पण एकेक एमटीएस फाइल (चित्रणाचा एकेक तुकडा) उचलून संगणकावर ओढू नका. कार्डातलं प्रायव्हेट नावाचं फोल्डर आहे तसं, पूर्ण कॉपी करा. तुकडे कुठे कसे जुळतात याची माहिती त्यात असते. कॅमेऱ्यासोबतच्या सॉफ्टवेअरने जोडलं की सांध्यावर गाण्याची मात्रा गळत नाही. फोनवर पाठवायला एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने नुसतं एमपी४ मध्ये गुंडाळा, चित्राचा दर्जा तसाच राहतो. सेटिंगमध्ये ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण चित्रं) असेल तर तेच निवडा. ५०आय मध्ये (एकाआड एक रेघांची अर्धी चित्रं) हात हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. मात्र ५०पी ला २८ एमबीपीएस, तासाला साडेबारा जीबी. मग ६४ जीबी लागतंच.

दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून, दोन्हीकडे शेवटपर्यंत चालवून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. आणि पावसाळ्यात कॅमेरा कपाटात तसाच ठेवाल तर लेन्सला बुरशी धरते. घट्ट डबा, सिलिका जेल.

कुळागर
पडद्यामागे, तुमच्या सांगण्यावरून आर८०६ शोधला. पणजीत एकाकडे वापरलेला मिळाला. काल तालमीला लावून बघितला, सव्वादोन तास सलग. बाबांनी ते पद म्हटलं, घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाले, "दुसऱ्या ओळीला श्वास तुटतोय, उद्या परत बसूया." साखळीच्या ताई, कार्ड ६४ चंच घेतलंय.