मदत हवी आहे: ग्रामपंचायतीच्या रद्दीत जुनी जन्म-मृत्यू रजिस्टरं, निम्मी भिजलेली (करवीर तालुका)

ग्रामपंचायतीची जुनी इमारत पाडायला काढलीय. रुमालात बांधलेली दप्तरं रद्दीच्या ढिगात आहेत. काही मोडीत, काही देवनागरीत. खालचे गठ्ठे ओले, पानं चिकटलेली. वंशावळीसाठी घरी नेऊन वाळवली तर चालेल का?

प्रतिसाद १
घरी नेऊ नका. जन्म-मृत्यूची नोंदवही कायम जपायचं दप्तर आहे, ती रद्दीत काढताच येत नाही. शिवाय सही-शिक्क्याची नक्कल मिळते ती कार्यालयाच्या ताब्यातल्या वहीवरूनच. वही तुमच्या कपाटात गेली की जात पडताळणीत तिला कोण विचारणार? ग्रामसेवकांना आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोबत यादी जोडा: रुमाल क्रमांक, वरची चिठ्ठी, पहिलं-शेवटचं वर्ष.

वाळवण्याचं त्यांच्या परवानगीनं तिथंच करा, पण लगेच. दोन दिवसांत बुरशी धरते. चिकटलेली पानं ओढू नका, गठ्ठा आडवाच फळीवर घ्या. दर दहा-पंधरा पानांत टीपकागद घाला, तो ओला झाला की बदला. पंखा चालू ठेवा, पण वारा थेट वहीवर नको. ऊन आणि इस्त्री तर नकोच, कागद कडक होऊन तुकडे पडतात. ओल्या फडक्यानं पुसलं की जांभळा शिक्का अख्ख्या पानावर पसरलाच म्हणून समजा. गठ्ठे जास्त असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवा, म्हणजे वाळवायला सवड मिळते. बुरशी कोरडी झाल्यावर एन-९५ मास्क लावून उघड्यावर मऊ ब्रशनं झाडा. सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको.

प्रश्नकर्ता
ग्रामसेवक म्हणतात, ठेवायला जागाच नाही. आणि सनांचा मेळ बसत नाही.

प्रतिसाद २
मग गटविकास अधिकाऱ्यांना पत्र द्या, प्रत कोल्हापूर पुरालेखागाराला (जुनी सरकारी कागदपत्रं जपणारं कार्यालय). पत्रात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख असू द्या, नुसत्या विनंतीवर फाईल हलत नाही राव.

सनांचं म्हणाल तर फसलीत (जुन्या महसुली सनात) ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन निघतो, पण वर्ष जूनमध्ये बदलतं. फसली १३२० म्हणजे १९१०-११, त्यामुळं माघातला जन्म १९११ चा. शकात ७८ मिळवा, पौष ते फाल्गुन बहुधा ७९. फोटो काढताना पुठ्ठा आणि कोरी पानंसुद्धा घ्या, शिवण उसवू नका. फाईलचं नाव गाव_रुमाल_वही_पान असं ठेवा. वर्ष त्यात घालू नका, ते मोडी वाचल्यावर बदलतं.