स्पेशल अलाउन्स वाढला आणि हातात पगार कमी आला, असं कसं?

चाकण_बी_शिफ्ट
नमस्कार मंडळी, मी चाकणला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, ठेकेदाराकडून, कंपनीच्या रोलवर नाही. विषय असा आहे की आमच्या स्लिपवर बेसिक ११,५०० होतं, स्पेशल अलाउन्स १,९०० आणि अटेंडन्स अलाउन्स १,५००. या वेळी स्पेशल २,२०० झाला, पोरं खूश झाली आणि स्लिप नीट बघितली तर अटेंडन्स १,२०० करून टाकलेला. म्हणजे एकूण तेच १४,९००, आणि वर पीएफ जास्त कापला म्हणून हातात आधीपेक्षा ३६ रुपये कमी. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं तर म्हणतो सरकारने स्पेशल वाढवायला सांगितला तो वाढवला, बाकीचं आमच्या मर्जीचं आहे. हे कायद्यात बसतं का? आणि माझा मेव्हणा जिल्हा परिषदेत आहे त्याला महागाई भत्ता चांगला भरघोस मिळतो, मग आम्हाला तीनशे रुपयेच का? महागाई त्याला वेगळी आणि आम्हाला वेगळी आहे का?

पेरोलवाला
भाऊ आधी मेव्हण्याचं सोडून द्या, ते गणितच वेगळं आहे. सरकारी नोकराचा भत्ता त्याच्या बेसिकच्या टक्क्यात असतो, केंद्राचा जुलै २०२५ मध्ये ५८ टक्के होता. तुमचा आहे तो किमान वेतनातला विशेष भत्ता, तो टक्क्यात नसतो, रुपयांत असतो. राज्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची (घरखर्चाच्या वस्तूंचे भाव किती चढले ते दाखवणारा सरकारी आकडा) सहा महिन्यांची सरासरी काढतात, आणि किमान वेतन ठरलं तेव्हाच्या निर्देशांकापेक्षा जितके पॉइंट वर गेला तितक्या पॉइंटमागे ठरलेले रुपये. वर्षात दोनदा बदलतो, १ जानेवारी ते ३० जून एक आणि १ जुलै ते ३१ डिसेंबर दुसरा. कामगार आयुक्तांचं पत्रक निघतं, ते त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, ठेकेदाराला विचारायचीसुद्धा गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. बेसिक अधिक विशेष भत्ता मिळून जी रक्कम होते ती तुमची किमान पगाराची रेषा. मालकाने त्याच्या खाली जायचं नाही, बास. तुमचा पगार आधीच त्या रेषेच्या वर असेल तर दर सहा महिन्यांनी सरकारने वाढवलेले तीनशे तुम्हाला वेगळे मिळालेच पाहिजेत असं नाही. १९९९ ला सुप्रीम कोर्टाने एअरफ्रेट कंपनीच्या केसमध्ये हेच सांगितलं की एकूण पॅकेज किमानपेक्षा जास्त असेल तर महागाई भत्ता वेगळा दाखवून द्यायची सक्ती नाही. हे कामगारांना कोणी सांगत नाही आणि मग उगाच वाद होतो.

पण तुमच्या केसमध्ये दोन ठिकाणी पाणी मुरतंय. एक, अटेंडन्स अलाउन्स कायम मिळत होता आणि तो कमी केला. भत्त्यात असा बदल करायचा तर आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होतं आणि नवीन औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नोटीस लागली होती का बोर्डावर? दोन, पत्रकातल्या रकमेशी तुलना करताना ओटी (जादा तासांचे पैसे), घरभाडं, येण्याजाण्याचा खर्च हे धरून कोणी सांगत असेल की बघ तुला किमानपेक्षा जास्तच मिळतंय, तर ऐकू नका. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, तिच्यात वेतन धरताना हे बाजूला काढलंय. बाजूला काढलेल्या गोष्टी मिळून एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेल्या तर वरचा भाग परत वेतनात येतो, पण ते तुम्हाला लागू होणार नाही.

३६ रुपयांचं म्हणाल तर ते ३०० चे १२ टक्के. पीएफ बेसिक आणि महागाई भत्त्यावर कापतात, अटेंडन्सवर तुमचा ठेकेदार कापत नव्हता. पण ते ३६ तुमच्याच खात्यात गेलेत आणि मालकालाही तेवढेच टाकावे लागले, त्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो. म्हणजे हातात कमी झालं हे खरं असलं तरी पैसे गायब झालेले नाहीत. ईएसआय (कामगार विमा) एकूण पगारावर आहे म्हणून तिथे काही फरक दिसला नसेल.

भोसरी_वर्कशॉप
मी दुसऱ्या बाजूचा आहे, शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय. माझ्याकडे २२ माणसं आहेत, पावडर कोटिंगचं काम. तीनशे रुपये विशेष भत्ता वाढला की मला तीनशे पडत नाहीत, माझ्या बाजूचा पीएफ १३ टक्के, ईएसआय सव्वातीन, बोनस ८.३३, ग्रॅच्युइटी, सगळं धरून पावणेचारशेच्या वर जातं एका माणसामागे. देतो, द्यायलाच पाहिजे, माणसांना भाडं भरायचंय. पण ज्या मोठ्या कंपनीचं काम मी करतो ती वर्षाची ऑर्डर फिक्स रेटने देते. पावडरचा भाव वाढला तर रेट बदलून मिळतो, त्याचं कलमच असतं ऑर्डरमध्ये, मजुरी वाढली तर म्हणतात तुमची एफिशियन्सी वाढवा. सरकार दर सहा महिन्यांनी भत्ता वाढवतं आणि हे साहेब तीन वर्षं रेटला हात लावत नाहीत, मग ठेकेदार आणि छोटे लोक असे अटेंडन्स कापायचे धंदे करतात. मी समर्थन करत नाही, फक्त दोरी कुठून ओढली जाते ते सांगतोय. आणखी एक, पत्रक कधीच वेळेवर येत नाही, जानेवारीपासून लागू आणि आमच्या हातात फेब्रुवारीत, मग फरक काढत बसा, मधल्या काळात सोडून गेलेल्या पोराला फरक कोण देतं हो? कोणी नाही.

पेरोलवाला
@भोसरी_वर्कशॉप फरक सोडून गेलेल्या माणसालाही द्यावा लागतो साहेब, तो काम करत होता त्या दिवसांचा. पण रेटबद्दल शंभर टक्के सहमत. मोठ्या कंपन्यांनी ठेकेदाराच्या करारात "किमान वेतनात बदल झाल्यास फरक कंपनी देईल" एवढी एक ओळ घातली तर निम्मी भांडणं मिटतील. काही कंपन्या घालतातही, कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर शेवटी मूळ कंपनीच्या गळ्यात येतं हे त्यांच्या लीगलवाल्यांना माहीत असतं.

लालबागचा_म्हातारा
पोरांनो तुम्ही तीनशे रुपयांवर बोलताय म्हणून राहवलं नाही. माझे वडील गिरणीत होते आणि मीही काही वर्षं खाल्लाय कापूस. महागाई भत्ता हा कुणी दानात दिलेला नाही. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाईसाठीच संप केला होता, लढाई सुरू होऊन भाव चढले आणि पगार तिथेच. नंतर गिरण्यांत भत्ता इंडेक्सला, म्हणजे वरच्या निर्देशांकाला, बांधला गेला आणि पुढे पुढे तर असं झालं की बेसिक एवढुसं आणि महागाई त्याच्या कितीतरी पट. घरी पगार आला की आई विचारायची "या महिन्याला महागाई किती बसली?" बेसिक कोणी विचारतच नव्हतं.

पण खरी मेख इंडेक्समध्ये आहे बघा. १९६३ ला मुंबईत मोठी बोंब झाली की बाजारात भाव चढतायत आणि सरकारी आकडा काही हलत नाही. सरकारला लकडावाला समिती नेमावी लागली आणि समितीनेही आकडा दुरुस्त करायला सांगितला, मग भत्ता वाढला. म्हणजे कामगार म्हणत होता तेच बरोबर निघालं. आताचा इंडेक्स २०१६ च्या बेसवर आहे, म्हणजे २०१६ चे भाव पाया धरून, त्यात खाण्यापिण्याचं वजन (वाटा) ३९ टक्क्यांवर आणलंय, आधीच्या मालिकेत ४६ होतं. सरासरी कामगार कुटुंबाचं ते बरोबर असेलही, पण सगळ्यात तळाला जो आहे त्याच्या घरात निम्म्याच्या वर पैसे तेल, डाळ, गॅस यातच जातात. डाळ महाग झाली की त्याला जेवढं टोचतं तेवढं आकड्यात दिसत नाही. हे बोलायला आता युनियनच राहिल्या नाहीत.

सुई_दोरा
मला एक विचारायचं होतं, इथे विचारलं तर चालेल ना? मी तालुक्याच्या गावी कपड्याच्या दुकानात आहे, महिन्याला ८,००० रोख, सकाळी दहा ते रात्री नऊ. स्लिप वगैरे काही नाही, शेठ वहीत सही घेतो तीही कधीकधी. आम्ही तिघीच आहोत. हे सगळं विशेष भत्ता वगैरे आमच्यासारख्यांना लागू असतं की फक्त कंपनीवाल्यांना? शेठ म्हणतो दहा माणसांच्या खाली कायदा नाही.

पेरोलवाला
ताई लागू आहे. शेठ म्हणतोय तशी माणसांच्या संख्येची अट दुकाने अधिनियमात असते, किमान वेतनाला माणसांची संख्या लागत नाही, एक माणूस असला तरी लागू. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचं वेगळं पत्रक असतं, त्यात परिमंडळ १, २, ३ असे भाग असतात, मोठी शहरं एकमध्ये आणि तालुक्याच्या गावांना बहुतेक खालचं परिमंडळ लागतं, तिथे बेसिक कमी असतं. तरीही ८,००० खालीच पडतात. वरून तुमचे तास रोजच्या ठरलेल्या तासांच्या वर जातायत, त्याचा ओटी दुप्पट दराने. लिहायला मी सगळं लिहीन पण तुम्ही एकटीने अर्ज केला तर दुसऱ्या दिवशी काम जाणार हेही मला माहीत आहे. तुमच्याकडे पगाराचा एकही कागद नाही ही खरी अडचण. आत्तापासून निदान रोजची हजेरी स्वतःच्या वहीत लिहा, पगार मिळाला त्या तारखेला रक्कम लिहा, शेठला व्हॉट्सअॅपवर "पगार मिळाला ८,०००, धन्यवाद" असा साधा मेसेज टाकत जा. दावा करायची मुदत आधी सहा महिने होती ती आता तीन वर्षं झाली आहे, म्हणजे आज नाही तर नोकरी सोडल्यावरही करता येतो.

सुई_दोरा
हो दादा, मेसेजचं करता येईल. बाकीच्या दोघींनाही सांगते.

रेल्वे_हाऊसकीपिंग
माझा भाऊ स्टेशनवर सफाईच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे, त्याला राज्याचा नाही केंद्राचा रेट लागतो. तिथे भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरला बदलतो. ऑक्टोबर २०२४ ला अ वर्गाच्या शहरात अकुशलचा दिवसाचा ७८३ झाला होता, म्हणजे २६ दिवसांचे २०,३५८. एकाच शहरात स्टेशनच्या आत झाडू मारणाऱ्याला हा रेट आणि रस्ता ओलांडून कंपनीत झाडू मारणाऱ्याला त्याच्या कितीतरी खाली. अर्थात भावाला पूर्ण मिळतात का ते विचारू नका, बँकेत जमा होतात आणि सुपरवायझर काही परत मागतो.

चाकण_बी_शिफ्ट
सगळ्यांचे आभार. काल रात्री पत्रक काढून बघितलं, आमच्या उद्योगाचं शोधायलाच अर्धा तास गेला. एक गोष्ट कळली जी माहीतच नव्हती. स्लिपवर बारीक अक्षरात कॅटेगरी लिहिलेली असते, तिथे माझ्यापुढे "अकुशल" आहे. मी तीन वर्षं झाली डाय कटिंग मशीन चालवतोय, सेटिंगसुद्धा मीच करतो, नवीन पोरांना शिकवतो. अकुशलच्या रेषेत मी बसतोय म्हणून त्यांचं बरोबर, पण मशीनवाल्याचा रेट लावला तर दरमहा बरीच रक्कम कमी मिळतेय. आणि विशेष भत्ता तर तिन्ही कॅटेगरीला सारखाच दिसतोय, फरक सगळा बेसिकमध्ये आहे.

पेरोलवाला
आता बरोबर जागी बोट ठेवलंत. विशेष भत्ता फक्त भाववाढीची झीज भरून काढतो, तुम्ही जिथे होतात तिथेच ठेवतो. खरी वाढ दोनच ठिकाणी होते, एक सरकार बेसिक नव्याने ठरवतं तेव्हा, जे पाच वर्षांच्या आत व्हायला पाहिजे आणि रखडतं, आणि दुसरी तुमची कॅटेगरी बदलते तेव्हा. म्हणून ठेकेदार भत्ता लगेच वाढवून दाखवतो आणि कॅटेगरीचं नाव काढत नाही. त्या ३६ रुपयांचा नाद सोडा आणि हे धरा. पत्रकाच्या मूळ अधिसूचनेत कोणतं काम कुशल, कोणतं अर्धकुशल याची यादी असते, तुमचं मशीन कशात येतं ते बघा. पुरावा म्हणून प्रॉडक्शन शीटवर ऑपरेटर म्हणून तुमचं नाव किंवा सही असेल, शिफ्ट चार्ट असेल, त्याचे फोटो काढून ठेवा.

चाकण_बी_शिफ्ट
प्रॉडक्शन शीटवर रोज माझीच सही असते. आमच्या शिफ्टला असे पाच जण आहेत. अर्ज ठेकेदाराला द्यायचा की कंपनीला?

पेरोलवाला
दोघांनाही, एकच अर्ज, पाचही जणांच्या सह्या, आणि पोच घ्या. एकट्याने देऊ नका. महिनाभर उत्तर नाही आलं तर तीच पोच जोडून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे. दावा सिद्ध झाला तर फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई लावायची तरतूद आहे, दर वेळी लागत नाही पण अर्जात उल्लेख करा, कंपनीचा एचआर तेवढी ओळ नक्की वाचतो.

भोसरी_वर्कशॉप
आणि अर्ज बिलिंगच्या आधी द्या, महिन्याच्या २०-२२ तारखेला. ठेकेदाराचं बिल कंपनीत अडकतं तेव्हा तो पटकन बोलायला बसतो, अनुभवाने सांगतोय.