शब्दचर्चा: भूत घरातलंच असेल तर ‘भयकथा’ कसं म्हणायचं?

अर्धविराम
एका अमेरिकन कादंबरीचा अनुवाद हातावेगळा होत आलाय. मलपृष्ठासाठी दोन ओळी हव्यात आणि तिथेच अडून बसलोय. मूळ पुस्तकावर ‘कोझी पॅरानॉर्मल मिस्टरी’ असं छापलंय, म्हणजे शब्दशः ऊबदार, भुताखेतांची रहस्यकथा. छोटं गाव, बेकरी चालवणारी एक बाई, आणि तिला वारसाहक्कानं मिळालेल्या घरात शंभर वर्षांपूर्वी वारलेली मालकीण अजून नांदतेय. खून होतो, पण पानावर रक्ताचा थेंब नाही. त्या भूतबाईंना उंबऱ्याबाहेर पडता येत नाही, म्हणून नायिका रोज संध्याकाळी गावातल्या बातम्या आणून त्यांना ऐकवते आणि त्यातून दोघी मिळून खुनी शोधतात. शेवटी दालचिनीच्या रोलची कृतीसुद्धा आहे.

मी लिहिलं ‘उबदार भयकथा’. संपादकांनी ते खोडून ‘हलकीफुलकी रहस्यकथा’ केलं. पण त्यात भूतच गायब झालं! भयकथा म्हणवत नाही, कारण पुस्तकात कुणीच कुणाला घाबरत नाही. आणि गूढकथा म्हटलं की मराठी वाचक दिवा लावून झोपायच्या तयारीनं बसतो.

आणखी एक: पुढच्या भागात नायिकेची मावशी ‘विच’ आहे आणि तिच्या मांजराला ‘फॅमिलिअर’, म्हणजे विचच्या दिमतीला असणारा जादूचा प्राणी, म्हटलंय. त्यालाही शब्द हवाय.

समईची वात
पहिल्यांदा ‘हलकंफुलकं’ काढून टाका. तो हिंदीतला जोडशब्द आहे. आपल्याकडे खेळकर आहे, खुसखुशीत आहे, खुमासदार आहे. इतके शब्द दाराशी उभे असताना शेजारून उसनं का आणायचं?

माझं मत ‘निवांत’ला. मूळ संस्कृत ‘निवात’, म्हणजे जिथे वारा लागत नाही अशी जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायातला तो न हलणारा दिवा आठवा, ‘यथा दीपो निवातस्थो’. बाहेर वादळ चाललंय आणि घरातली ज्योत स्थिर आहे. तुम्ही सांगितलेल्या कादंबरीत नेमकं हेच आहे. ‘निवांत गूढकथा’ लिहा.

पिठाचा डबा
निवांतची व्युत्पत्ती सुंदर आहे, पण आज निवांत म्हणजे ‘काही काम नाही’. ‘निवांत भेटू’, ‘निवांत बसलोय’. खुनाचा तपास निवांत कसा होईल? आणि हलकंफुलकं माझी आजी बोलायची, तिला हिंदीचा गंधही नव्हता. शब्द आपल्या तोंडी रुळला की आपला झाला.

अर्धविराम, ‘उबदार’ला मात्र माझा विरोध आहे. ऊब मुळात ऊष्मा. पण आमच्याकडे गरम पोळ्या डब्यात झाकून ठेवल्या की ‘उबतात’. पावसाळ्यात न वाळलेल्या परकराला येतो तो ‘उबट’ वास. ऊब चार तास जास्त राहिली की तिचं असं होतं. त्यामुळे उबदार वाचताना मला तो वासही येतो.

समईची वात
तुमच्या आजी बोलत असतील, त्याचा आदरच आहे. पण छापील पुस्तकाच्या पाठीवर काय जातं याची जबाबदारी वेगळी असते. तिथे एकदा छापलं की पुढची पिढी तोच शब्द प्रमाण धरते.

किटलीवाली
तुम्ही दोघंही ‘कोझी’ परका धरून चाललाय. आमच्या बडोद्याच्या घरात तो शब्द माझ्या जन्माआधीपासून आहे! चहाच्या किटलीवर घालायचं ते लोकरीचं टोपडं, टीकोझी. आत्यानं विणलेली, किरमिजी, वर पिवळा गोंडा, तोटीसाठी एक भोक आणि कानासाठी एक. गोंड्याचा धागा सुटला की ती चहाच्या वेळेपर्यंत सुई-दोरा घेऊन बसायची. तिला आम्ही कधी किटलीचं उबदार आवरण म्हटलं नाही.

आणि हा धागा ओढूनताणून आणलेला नाही. ‘कोझी’ मूळचा स्कॉटलंडकडचा, अठराव्या शतकातला शब्द. या जातीच्या कथांचा उगम सगळे जण अगाथा ख्रिस्तींच्या खेडेगावात धरतात, त्यांच्या खुनी शोधणाऱ्या आजीबाई मिस मार्पल, त्यांची पहिली कादंबरी 1930ची. ख्रिस्तींच्याच नावाचा अगाथा पुरस्कार अमेरिकेत 1989पासून अशा रक्तपात न दाखवणाऱ्या रहस्यकथांना देतात, आणि सन्मानचिन्ह काय, तर चहाची किटली! ‘कोझी रहस्यकथा’ बिनधास्त छापा.

तोरणमाळ
मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मावशीला कृपा करून ‘डाकीण’ करू नका. मी नंदुरबार जिल्ह्यात वीस वर्षं शिकवतोय. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गाव सोडायला लावलं आहे. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज पडली ती अशाच प्रकारांमुळे. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीला हा शब्द चिकटला होता. ती मुलगी ‘ड’ची पाटी वाचायची नाही, मान खाली घालायची. आम्ही डफली काढून डमरू लावला, तरी वाचायची नाही. तुमची मावशी प्रेमळ आहे ना? मग तिला हे नाव नको.

अर्धविराम
सर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मसुद्यात दोन ठिकाणी डाकीण आहे, आजच काढतो. ‘चेटकीण’ चालेल?

तोरणमाळ
परीकथेमुळे चेटकिणीची धार थोडी बोथट झाली आहे. तरी मी ‘जाणती’ म्हणेन. जडीबुटी कळणाऱ्या बाईला आमच्याकडे लोक आदरानं तसंच म्हणतात.

पिठाचा डबा
‘जाणती मावशी’! वा. पण यात जादू कुठे दिसते?

वेतोबाचो शेजारी
‘फॅमिलिअर’ला ‘चेडा’ म्हणा. संस्कृत ‘चेट’ म्हणजे चाकर. त्यावरून चेटूक, आणि माझ्या मते त्यावरूनच आमच्या कोकणातला चेडा, कुणाच्या तरी हुकमात वागणारा. मांजराला शोभून दिसेल.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. भूत आणि आपुलकी एकत्र आली म्हणून तुम्हाला शब्द सापडत नाही, आणि आम्हाला त्यात अडचणच दिसत नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. वेताळ म्हटलं की इतर ठिकाणी लोक दचकतात, आमच्याकडे त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. का, तर तो रात्री गावभर राखणीला फिरतो आणि वहाणा झिजतात. लहानपणी वडिलांनी उचलून मला एका वहाणेचा तळ दाखवला होता. टाचेकडे गुळगुळीत झालेला. भीती वाटली नाही, उलट त्या रात्री गाढ झोप लागली. कुणीतरी जागं आहे म्हणून. देवचार म्हणजे आमच्याकडचं राखणीचं भूत, त्याचंही तेच, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. ‘राखणदार कथा’ म्हणून बघा.

समईची वात
पण वेतोबा श्रद्धेचा विषय आहे, त्याला करमणुकीच्या पुस्तकावर आणू नये असं मला मनापासून वाटतं.

वेतोबाचो शेजारी
ताई, गाऱ्हाण्यात त्याच्याशी घरच्यासारखंच बोलतात. चोरी झाली तरी त्यालाच सांगायचं, आणि मागून सगळे ‘होय म्हाराजा!’ श्रद्धा आहे म्हणूनच आपुलकी आहे.

रात्रपाळी
बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहिते. मी ओहायोत परिचारिका आहे, तातडीच्या विभागात. घरी यायला सकाळचे आठ वाजतात. पडदे ओढते आणि याच जातीच्या पुस्तकाची वीसेक पानं वाचते, तेव्हा कुठे डोळा लागतो. इथल्या वाचनालयात अख्खं कपाट भरून आहेत. सोबतच्या मुली विचारतात, दिवसरात्र मरण बघतेस, वर खुनाची पुस्तकं कशाला?

आमच्याकडे माणूस जातो आणि वाक्य अर्धंच राहतं. एक आजोबा ‘किल्ली कुठे ठेवलीय ते तिला सांगा’ एवढंच म्हणाले. कुठली किल्ली, ते कळलंच नाही. त्यांच्या पत्नीला मी तेवढंच सांगू शकले. या पुस्तकांत गेलेला माणूस परत येऊन खुर्चीत बसतो आणि वाक्य पुरं करतो. मला ऊब मिळते ती तिथे. मांजर, बेकरी, चहा हे सगळं नंतर. म्हणून ‘उबदार’ काढू नका अशी माझी विनंती आहे. उबट वास मला कधी आला नाही, इथे कपडे यंत्रात वाळतात.

पिठाचा डबा
ताई, तुमचं वाचून दोनदा थांबले. उबदारवरचा माझा विरोध मागे घेत नाही, पण तुमच्यासमोर पुढे रेटणारही नाही.

किटलीवाली
त्या आजींना किल्ली सापडली का हो पुढे?

रात्रपाळी
कळलं नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. डाकीण गेली, मावशी सध्या ‘जाणती’ आहे, मांजर चेडा होईलसं दिसतंय. मलपृष्ठ उद्या द्यायचंय आणि ती ओळ अजून कोरी आहे. ‘उबदार’, ‘निवांत’, ‘कोझी’ आणि ‘राखणदार’ असे चार कागद टेबलावर मांडून ठेवलेत.

वेतोबाचो शेजारी
त्या भूतबाईंना ‘भूतबाई’च म्हणताय का आत? घराशी बांधलेली असेल तर ‘जखीण’ बघा, यक्षिणीवरून आलेला शब्द आहे.

समईची वात
जखीण आता शिवीसारखा वापरतात. तसं करू नका. आमच्या वाड्यात जिन्याखाली कुणीतरी आहे म्हणायचे, तिला घरातले सगळे ‘जुन्या काकू’ म्हणत. सणाला पहिली पुरणपोळी जिन्याखाली ठेवायची पद्धत होती.